मार्सेल्सच्या किनाऱ्यावरील गणती

मार्सेल्स हें फ्रान्सचें भूमध्यसमुद्रावरील पुरातन बंदर. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास ग्रीक व्यापाऱ्यांनीं तें वसविलें. १९१० सालीं सावरकरांनीं जहाजांतून उडी टाकली ती येथेंच. तेव्हां मराठी वाचकांस हें नांव तरी अपरिचित नाहीं.

शहराच्या दक्षिणेस चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांमधून समुद्र आंत शिरला आहे. अशा चिंचोळ्या खाड्यांस तेथें ‘कालांक’ म्हणतात. त्यांपैकीं सुजितों नामक खाडीवर उन्हाळ्यांत दिवसास अडीच हजारांपर्यंत माणसें लोटूं लागलीं. पायांखालची माती सुटली, पाइन वृक्षांचीं मुळें उघडीं पडलीं. म्हणून २०२२ पासून उन्हाळ्यांतील गर्दीच्या दिवसांत, आगाऊ नांव नोंदविलेल्या चारशें जणांसच आंत सोडण्याचा नियम झाला.

दुरून आलेल्या पाहुण्यास दारांतून परतविणें कठोर आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस हा नियम योग्य वाटतो. आणि त्याहून योग्य हें कीं, नोंदणीस एक पैसाही पडत नाहीं. तिकीट महाग करून गर्दी हटविणें सोपें होतें. पण मग समुद्र धनिकांचाच झाला असता. येथें मजूर व सावकार एकाच यादींत.

ज्यांस जागा मिळाली नाहीं, त्यांनीं जुन्या बंदरावर जावें. तेथें किल्ल्यालगतच भूमध्य प्रदेशाच्या संस्कृतीचें संग्रहालय २०१३ सालीं उघडलें आहे. त्यास एक दिवस पुरणार नाहीं. आणि केवळ पोहावयाचेंच असेल तर प्रादोचा किनारा आहे. तो भुयारी रेल्वे खणतांना निघालेल्या मातीची भर घालून माणसांनींच केलेला. झिजला तर तेथें पुन्हां भर घालतां येते.