सुईच्या आधी पाच प्रश्न

माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा तिचं वजन 70 किलो होतं. ब्लाउजचं माप द्यायला आम्ही दोघी गेलो, तेव्हा ती टेलरला म्हणाली, "दोन इंच आत घ्या काका, मी इंजेक्शन सुरू केलंय." महिन्याभरात तिला उलट्या सुरू झाल्या. घरात सगळे म्हणाले, औषधाचा परिणाम असेल, खोक्यातल्या कागदावर तसं लिहिलेलंच आहे. त्यातल्या बऱ्याचशा उलट्या आपण मुद्दाम काढतोय, हे फक्त तिला माहीत होतं. बारावीच्या वर्षी ती हेच करायची आणि त्यातून बाहेर यायला तिला दोन वर्षं लागली होती. इंजेक्शन देणाऱ्या दवाखान्यात तिची उंची मोजली, वजन केलं, साखर आणि थायरॉइड तपासलं. जेवणाबद्दल मात्र कुणी काही विचारलं नाही. तिच्या संमतीनेच हे लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: वजन उतरवणारं औषध लिहून देण्याआधी तो माणूस जेवतो कसा आणि जेवल्यावर त्याच्या मनात काय चालतं, हे विचारलं गेलंच पाहिजे. त्याची कारणं आणि मागण्या मुद्देवार मांडते.

1. विरोध औषधाला नाही. लठ्ठपणा हा आजार आहे आणि त्यावर इतकं परिणामकारक औषध यापूर्वी नव्हतं. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. मधुमेह, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडकणं यांनी बेजार झालेल्यांना त्याचा मोठा आधार आहे. भारतात मार्च 2025 मध्ये मौंजारो हे तशाच प्रकारचं इंजेक्शन आलं, जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं वेगोवी. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च 2026 पर्यंतची. पेटंट सरलं की औषध स्वस्त होतं आणि तालुक्याच्या गावापर्यंत पोचतं. ते पोचावंच, पण त्याच्याबरोबर सावधगिरीही पोचायला हवी.

2. खाण्याचे विकार वजनकाट्यावर दिसत नाहीत. ॲनोरेक्सिया म्हटलं की हाडं दिसणारी मुलगी डोळ्यांसमोर येते. पण बुलिमियाच्या, म्हणजे खूप खाऊन मग मुद्दाम उलटी काढण्याच्या विकाराच्या, रुग्णाचं वजन बहुतेकदा चारचौघांसारखंच असतं. ताबा सुटून भराभरा खाण्याचा, म्हणजे बिंज ईटिंगचा विकार असलेले कितीतरी जण जाड असतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी 2013 मध्ये त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. असा माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याऐवजी वजन कमी करून देणाऱ्याच्या दारात जातो. त्यामुळे हा विकार सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेली जागा हीच, आणि इथेच त्याची चौकशी होत नाही.

3. उपचार आणि औषध यांची ओढ उलट दिशांना असू शकते. हे औषध आतड्यातल्या एका संप्रेरकासारखं काम करतं. जठर सावकाश रिकामं होतं, मेंदूला भूक कमी जाणवते. खाण्याच्या विकारावरच्या उपचारात नेमकं भूक ओळखायला पुन्हा शिकायचं असतं, आणि त्याची सुरुवात होते नियमित खाण्यापासून: घड्याळ लावून तीन वेळा जेवण, मधे दोन-तीनदा थोडं खाणं, कितीही भीती वाटली तरी. भूकच गप्प केली तर हे शिकायचं कसं?

उपासमार मनाचं काय करते, हे 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी पाहिलं. 36 निरोगी तरुणांना त्यांनी 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते तरुण उदास झाले, ताटं चाटू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आधी धडधाकट असलेल्यांची ही गत, तर आधीच अन्नाच्या धास्तीत असलेल्या मुलीचं काय होईल? बिंज ईटिंगच्या काही रुग्णांना या औषधाने मनातला खाण्याचा घोष थांबल्यासारखा वाटतो, छोट्या अभ्यासांतून आशाही दिसते. म्हणून सरसकट बंदी मी मागत नाही. निर्णय मात्र त्या विकाराची जाण असलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावा.

4. दुष्परिणामांच्या आड आजार लपतो. मळमळ, उलटी, जेवण न जाणं हे या औषधाचे नेहमीचे त्रास. बुलिमियातही उलट्याच दिसतात. घरच्यांना आणि डॉक्टरांना शंका येण्याचं कारणच उरत नाही. सतत उलट्या काढल्याने दातांचं इनॅमल झिजतं, बोटांच्या सांध्यांवर दातांचे वण उठतात, रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. माझ्या भाचीच्या उजव्या हातावरचे ते वण मी मेंदीच्या दिवशी पाहिले, आणि तेव्हा कुठे मला कळलं.

5. औषध थांबल्यावर काय, हे आधी सांगायला हवं. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या काही लोकांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. शरीराचा हा स्वभावच आहे. पण जिने स्वतःची किंमत काट्यावर मोजली, तिला ती स्वतःची हार वाटते, आणि उपाशी राहण्याचा जुना मार्ग तिला पुन्हा खुणावतो.

6. आपल्या घरांत हा आजार सहज दडतो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी: "आज माझा उपवास आहे" म्हटलं की ताटावर कुणी आग्रह करत नाही. श्रद्धेने उपवास करणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. पण साबुदाण्याच्या खिचडीलाही हात न लावणारी, डबा तसाच परत आणणारी, जेवण झाल्या झाल्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडणारी मुलगी दिसली तर थांबून बघा. "किती छान बारीक झालीस गं!" हे आपण कौतुकाने म्हणतो. ती बारीक कशाने झाली, हे कुणी विचारत नाही.

7. कायदा आहे, तो वापरा. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा 1954 चा कायदा आहे. ज्या आजारांवरच्या औषधांची लोकांसमोर जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. 'लग्नाआधी दहा किलो कमी' असे फलक औषधाचं नाव न घेता लागतात, त्यांच्याकडेही या नजरेने पाहायला हवं. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2025 पासून औषधविक्रेत्यांच्या नियामक मंडळाने ऑनलाइन दुकानांना बजावलं आहे की नुसता अर्ज भरून घेऊन ही औषधं द्यायची नाहीत, रुग्णाचं वजन-उंची स्वतंत्रपणे पडताळायची. आपल्याकडेही हे करता येईल.

8. मागण्या.

पहिली: प्रत्येक रुग्णाला पाच प्रश्न विचारा. 1999 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी तयार केलेली ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का? आपण किती खातो यावर ताबा राहिला नाही, अशी काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोंहून अधिक वजन उतरलं का? लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटतं का? खाण्याच्या विचारानेच दिवस व्यापला आहे का? दोन उत्तरं 'हो' आली तर आधी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला, मग औषध. याला दोन मिनिटं लागतात.

दुसरी: अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीविना होणारी विक्री आणि जाहिराती तपासाव्यात.

तिसरी: जिल्हा रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागात खाण्याच्या विकारांवर उपचार मिळावेत, तिथे आहारतज्ज्ञही असावा. मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच विमासंरक्षण द्यावं, असं 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. विमा कंपन्यांनी ते या विकारांनाही द्यावं.

चौथी घरच्यांना: मुलीच्या वजनावर बोलणं थांबवा. काळजी वाटली तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे.

भाचीचं इंजेक्शन डॉक्टरांनी बंद केलं. ती आता पुन्हा समुपदेशनाला जाते. मागच्या रविवारी नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आली होती. वरण-भात-तूप जेवली आणि उठून आत न जाता अर्धा तास माझ्या शेजारी बसून राहिली. तो अर्धा तास तिला किती जड गेला, ते माझा हात धरलेल्या तिच्या हातावरून मला कळत होतं. दवाखान्यातल्या दोन मिनिटांनी तिचे हे सहा महिने वाचले असते.