बी-स्कूलचा नंबर आणि चोवीस जर्नल्स

एमबीएचा विचार डोक्यात शिरला की आपली इंजिनियर मंडळी पहिलं काय करतात? एक्सेल उघडतात. पहिल्या कॉलममध्ये कॉलेजचं नाव, दुसऱ्यात फी, तिसऱ्यात सरासरी पॅकेज आणि चौथ्यात रँकिंग. फी आणि पॅकेजवर तासन् तास काथ्याकूट होतो. चौथ्या कॉलममधला आकडा मात्र आपण देववाणी असल्यासारखा उतरवून घेतो. तो नेमकं काय मोजतो, हा प्रश्न विचारतच नाही. आणि या एक्सेलच्या जोरावर लाखो रुपयांचं कर्ज काढतो!

रँकिंगचे प्रकार बरेच आहेत. त्यातला एक दिसायला सगळ्यात शास्त्रशुद्ध: प्राध्यापकांच्या संशोधनावरून विद्यापीठाचा नंबर लावणं. यातली बिझनेस स्कूल्सच्या जगातली एक प्रसिद्ध यादी अमेरिकेतल्या डॅलसच्या टेक्सास विद्यापीठाची. (तिथल्या मॅनेजमेंट स्कूलला २०११ पासून आपल्या नवीन जिंदाल यांचं नाव आहे. ते तिथलेच माजी विद्यार्थी.) पद्धत एकदम सोपी. फायनान्स, मार्केटिंग, अकाउंटिंग वगैरे विषयांची मिळून चोवीस जर्नल्स निवडलेली आहेत. त्यात पेपर छापून आला की विद्यापीठाला एक गुण. दोन विद्यापीठांतल्या दोघांनी मिळून लिहिला तर अर्धा-अर्धा. १९९० पासूनचा डेटा आहे आणि कुणीही शोधून तपासू शकतो. ही पारदर्शकता खरंच कौतुकाची. फायनान्शियल टाइम्सही एमबीएच्या रँकिंगमध्ये संशोधनाला गुण देतो, पण त्याची यादी पन्नास जर्नल्सची.

मुळात धंदा शिकवणाऱ्यांनी पेपर का लिहायचे? त्याला इतिहास आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत फोर्ड आणि कार्नेगी या संस्थांच्या पैशातून दोन मोठे अहवाल आले. दोन्हींचा सूर असा की बिझनेस स्कूल्समधलं शिक्षण फार उथळ आहे, त्याला शास्त्रीय पाया नाही. तेव्हापासून पीएचडीवाले प्राध्यापक आणि संशोधन यावर भर सुरू झाला. म्हणजे हेतू चांगलाच होता.

पण एकदा मोजायला लागलं की काय होतं, ते आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. लाइन्स ऑफ कोडवरून प्रोग्रॅमरची किंमत ठरवली तर कोड फुगतो. पेपरांवरून प्राध्यापकाची ठरवली तर पेपर फुगतात. हे उघडच आहे. मला जास्त बोचतं ते वेगळं: ज्याला गुण नाहीत ते काम हळूहळू होईनासं होतं.

तीन उदाहरणं बघा. सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी १९९० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये 'कोअर कॉम्पिटन्स'वर लेख लिहिला. आज आपल्या ऑफिसातला प्रत्येक मॅनेजर हा शब्द वापरतो. डॅलसच्या यादीत त्याला गुण शून्य, कारण ते मासिक त्या चोवीसात नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांवर केस लिहिली. वर्गात शिकवायला झकास, पण केसलाही गुण शून्य.

तुम्ही म्हणाल, मग पेपर मोजू नका, सायटेशन मोजा. म्हणजे इतर संशोधकांनी त्या पेपरचा किती वेळा उल्लेख केला ते. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेला एच-इंडेक्स असाच. तुमच्या दहा पेपरांचा प्रत्येकी किमान दहादा उल्लेख झाला असेल तर तुमचा इंडेक्स निदान दहा.

तर आता तिसरं उदाहरण. २०१२ मध्ये पीएनएएस या नामांकित जर्नलमध्ये एक पेपर आला: फॉर्मवर सही शेवटी न घेता सुरुवातीलाच घेतली तर लोक जास्त प्रामाणिकपणे माहिती भरतात. तो खूप गाजला, भरपूर सायटेशन्स मिळाली. २०२० मध्ये खुद्द लेखकांनीच सांगितलं की नव्या प्रयोगांत तो परिणाम दिसत नाही. २०२१ मध्ये 'डेटा कोलाडा' नावाचा ब्लॉग चालवणाऱ्या तीन प्राध्यापकांनी, काही निनावी संशोधकांच्या मदतीने, दाखवून दिलं की त्यातल्या एका प्रयोगातला डेटा, विमा कंपनीच्या ग्राहकांच्या गाड्या किती मैल चालल्या त्याचा, बनावट आहे. पेपर मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचा पेपर, बरं का! पण आधी मिळालेली सायटेशन्स मोजणीतून आपोआप वजा होत नाहीत. आणि ज्या ब्लॉगपोस्टने हे उघडकीस आणलं तिला गुण? पुन्हा शून्य. म्हणजे खोटा डेटा जमेच्या बाजूला आणि तो पकडणारा खातेवहीतच नाही.

आपल्याकडे तर हे आणखी लागू होतं. एनआयआरएफच्या मॅनेजमेंट यादीत शंभरातले तीस गुण संशोधन आणि व्यावसायिक कामाच्या सदरात आहेत. त्यात पेपरांची संख्याही आहे आणि सायटेशन्सही. ती चोवीस जर्नल्स सगळी इंग्रजी, बहुतेक अमेरिकेत रुजलेली. समजा पुण्यातल्या एखाद्या तरुण प्राध्यापकाला भोसरीच्या लघुउद्योगांची बिलं मोठ्या कंपन्यांकडे का अडकून राहतात, हे शोधायचंय. तो काय करेल? प्रमोशन हवं असेल तर अमेरिकन शेअर बाजाराचा तयार डेटा घेऊन बसेल. मी त्याला दोष देणार नाही. पण भोसरीचा प्रश्न मग अभ्यासणार कोण?

असो. रँकिंग फेकून द्या असं मी म्हणत नाही. तुम्हाला पीएचडी करायची असेल तर ही यादी सोन्यासारखी आहे, कुठे कोण काय लिहितंय ते तिच्यात लख्ख दिसतं. पण एमबीएला जायचं असेल तर त्या चौथ्या कॉलमशेजारी आणखी दोन टाका. एक: ज्यांच्या पेपरांवर हा नंबर आलाय ते एमबीएच्या वर्गावर शिकवतात का? दोन: त्यांच्या अलीकडच्या पेपरांची नुसती शीर्षकं वाचून निदान एक तरी प्रश्न आपलासा वाटतो का? तासाभराचं काम आहे. कॉलेजच्या वेबसाइटवरून आणि तिथे शिकत असलेल्या एखाद्या सीनियरला फोन करून होतं.

सरासरी पॅकेजसाठी एवढी खोदाखोदी करतो आपण, दोन वर्षं समोर उभं राहून शिकवणार कोण, याचीही करूया की थोडी.