रात्री किती वेळा उठावं लागतं? पाळीबद्दल कुणी न विचारलेला प्रश्न

रात्री दोनचा सुमार. घरात एकच खोली. एका बाजूला सासू, मधे पोरं, दाराजवळ नवरा. बाईला जाग येते ती खाली ओलं लागलं म्हणून. अंधारात वाकळ चाचपायची, मोबाइलच्या बॅटरीचा उजेड पदराआड धरायचा, कडी वाजू न देता दार उघडायचं आणि अंगणापलीकडचा संडास गाठायचा. पहाटे पुन्हा तेच. घरातलं कुणी उठायच्या आत वाकळ धुऊन वाळत टाकायची, कुणी विचारलं तर पोरानं ओली केली म्हणायचं. अशा महिन्याला चार-पाच रात्री. अशी वर्षामागून वर्षं.

दिवसा हीच बाई दवाखान्यात गेली तर एकच वाक्य बोलते, "अंगावरून जास्त जातंय." जास्त म्हणजे किती, हे ती सांगत नाही आणि समोरचाही फारसा विचारत नाही. मग सलाईन, ताकदीच्या गोळ्या, सोनोग्राफी, आणि बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या फेरीला सल्ला मिळतो, "पिशवी काढून टाका."

बीड जिल्ह्याला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचा विषय देशभर गाजला. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे जवळपास दर सहा बायांमागे एक. पुढं खासगी दवाखान्यांना हे ऑपरेशन करण्याआधी सरकारी परवानगीची अट आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही गरज नसताना होणाऱ्या अशा ऑपरेशनवर लक्ष ठेवायला सगळ्या राज्यांना सांगितलं. तरी २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा बातम्या आल्याच. २०२४ च्या हंगामाआधीच्या आरोग्य तपासणीत ८४३ महिलांची गर्भाशयं काढलेली आढळली होती.

या सगळ्या चर्चेत मुकादम आला, उचल आली, खाड्याचा दंड आला, पैशासाठी ऑपरेशन करणारे डॉक्टर आले. ते यायलाच पाहिजे होते. पण बाई मुळात डॉक्टरकडे का गेली, हा प्रश्न मागं राहिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गर्भाशय काढलेल्या बायांना कारण विचारलं होतं. देशभरात निम्म्याहून जास्त जणींनी पाळीतला जादा रक्तस्राव हेच कारण सांगितलं. म्हणजे त्रास खरा होता. खोटं होतं ते हे, की त्यावर ऑपरेशनशिवाय उपायच नाही.

कोपीत तर हा त्रास दुप्पट. पहाटे तीन-चारला फडावर जायचं. पाणी लांब, संडास नाही, आडोसा म्हणजे उसाचाच. रात्रभर रक्त गेलेली बाई सकाळी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. चक्कर आली तर "उन्हामुळं" म्हणतात. एका दिवसाचा खाडा म्हणजे दोघांच्या कोयत्याची मजुरी गेली आणि वर दंड. अशा बाईला कुणी सांगितलं की एकदा पिशवी काढली की कायमची कटकट मिटली, तर ती हो म्हणणारच. तिला अडाणी म्हणणं सोपं आहे, पण तिच्यापुढं दुसरा पर्याय ठेवलाच कुणी नव्हता.

जास्त म्हणजे नेमकं किती?

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त समजतात. पण घरी कोण मोजणार? म्हणून सोप्या खुणा बघायच्या. रात्री पॅड किंवा कापड बदलायला उठावंच लागतं का? तास-दोन तासाला पॅड भिजतो का? एकावर एक दोन घ्यावे लागतात का? रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडतात का? पाळी सात दिवसांच्या वर चालते का? यातलं एक जरी दर महिन्याला होत असेल तर ते "बाईच्या जातीला असतंच" म्हणून सोडून द्यायचं नाही. आई-आजीलाही असंच व्हायचं, हे तर कारणच नव्हे. त्यांचंही कुणी बघितलं नव्हतं, इतकंच.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असं हीच पाहणी सांगते. खाणं कमी पडतं हे त्याचं एक कारण. पण दर महिन्याला एवढं रक्त जात असेल तर गूळ-शेंगदाण्यावर ते भरून येत नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ८ च्या खाली म्हणजे थांबायची वेळ नाही. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात. गोळीनं शी काळी होते, पोटात मळमळतं, म्हणून बऱ्याच जणी त्या पत्र्याच्या डब्यात टाकून देतात. काळी शी होणं धोक्याचं नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. फक्त चहासोबत किंवा चहाच्या आगेमागे घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही.

उपचार सुरू होईपर्यंत रात्री तर काढाव्याच लागतात. रात्रीसाठी लांब पॅड मिळतात. ते नसतील तर दोन पॅड थोडे एकमेकांवर चढवून एक पुढं, एक मागं लावला की आडवं झाल्यावर मागून डाग जाणं कमी होतं. वाकळीवर बाळाच्या खाली घालतात ते रबरी कापड आणि त्यावर जुन्या लुगड्याची घडी टाकली तर सकाळी घडीच धुवावी लागते. डागाला आधी गार पाणी, गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का होतो. बदलायचं सामान आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवावा. जाग आली की झटकन उभं राहू नये. आधी उठून बसावं, मग उभं राहावं. संडासात चक्कर येऊन पडणं हे बऱ्याचदा या झटकन उठण्यातूनच होतं. कापड वापरत असाल तर ते उन्हातच वाळवा, दुसऱ्या लुगड्याखाली लपवून नाही. जनऔषधी केंद्रात पॅड एक रुपयाला एक मिळतो, पण आपल्या कित्येक गावांपासून असं केंद्र तालुक्याच्या ठिकाणीच. जायला-यायला गाडीभाडं किती जातं ते तुम्हाला माहीत आहे.

ऑपरेशनच्या आधीच्या पायऱ्या

आता मुद्द्याची गोष्ट. रात्री वाकळ धुणं आणि पिशवी काढणं या दोन टोकांच्या मधे बरेच उपाय आहेत. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड नावाची गोळी आहे. ती फक्त रक्त जास्त जाणाऱ्या दिवसांतच घ्यायची असते आणि पुष्कळ जणींचा स्राव तिनं बराच कमी होतो. ही काही नवी भानगड नाही. हे औषध जपानमध्ये १९६२ साली पुढं आलं आणि सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर मात्र ती चालत नाही, म्हणून डॉक्टरला विचारूनच घ्यायची. पाळीत पोट दुखतं म्हणून देतात त्या मेफेनामिक ॲसिडच्या गोळीनंही स्राव थोडा कमी होतो. त्यानंतर हार्मोनच्या गोळ्या. त्यानंतर हार्मोन असलेली लूप. एकदा बसवली की काही वर्षं काम करते, आणि कित्येक जणींची पाळी अगदी नावापुरती राहते. साधी तांबी वेगळी, तिनं उलट काहींना जास्त जातं. तांबी बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा.

कारणही शोधावं लागतं. थायरॉइड, गर्भाशयातली गाठ, वयात येणाऱ्या पोरींमध्ये कधी रक्त लवकर न गोठण्याचा आजार. चाळिशीनंतर आतल्या अस्तराची तपासणी. मेडिकलवाल्याकडून "पाळी थांबवायची गोळी" आणून हे होत नाही. ती बंद केली की रक्त पुन्हा सुरू होतं, आणि तपासणी राहून जाते ती राहतेच.

पिशवी काढणं कधीच योग्य नाही, असं आम्ही म्हणत नाही. मोठ्या गाठी असतील, कर्करोग असेल, बाकीचे उपाय करून झाले असतील तर ते ऑपरेशन जीव वाचवतं. पण "नाही काढली तर कॅन्सर होईल" एवढ्या तोंडी भीतीवर पस्तिशीच्या आत पोट उघडू देऊ नका. रिपोर्ट हातात मागा, दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. अंडकोश पण काढणार का, हे स्पष्ट विचारा. ते काढले तर तिशीतच पाळी जाते. मग अंगातून गरम वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, आणि कोयता चालवायचं बळ जाते ते परत येत नाही. ज्या कामासाठी ऑपरेशन केलं तेच काम होईनासं होतं.

घरातल्या पुरुषांसाठी एक गोष्ट. बायको दवाखान्यात "काही नाही, थोडं जास्त जातंय" म्हणते तेव्हा शेजारी तुम्ही किंवा सासू उभी असते, म्हणून ती तेवढंच म्हणते. तिला आत एकटीला बोलू द्या.

हंगामाला निघायच्या आधी गावोगाव तपासणी होते, तिथं हिमोग्लोबिन बघतात. त्याच टेबलावर प्रत्येक बाईला "रात्री किती वेळा उठावं लागतं?" एवढं विचारलं, आणि जिला दोनदा-तीनदा उठावं लागतं तिला निघायच्या आधी गोळ्या आणि तपासणीची तारीख दिली, तर त्याला ना नवी योजना लागते ना वेगळा निधी. तपासणीची यादी जिल्हा परिषदेकडं, औषध सरकारी यादीत, आशाताई गावातच. यंदाच्या तपासणीत हे होतं का, ते आम्ही तालुक्या-तालुक्यात विचारणार आहोत.

तोपर्यंत एवढं लक्षात ठेवा. लागोपाठ दोन तासांपेक्षा जास्त वेळ तासाला एक पॅड भिजत असेल, डोळ्यापुढं अंधारी येत असेल, धाप लागत असेल, किंवा दिवस राहिलेले असताना रक्त जात असेल तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. कर्नाटकात ऊसतोडीला गेला असाल तरी नंबर हाच.