बांदी गेली, बाजार उरला

पडद्याचा विषय निघाला की आमच्या बायकांना हयेचे धडे दिले जातात. आम्ही विचारतो, कोणाची हया? जुन्या फिक्हच्या किताबांत आझाद स्त्रीने चेहरा नि हात सोडून सारे अंग झाकावे असे आहे. बांदीचे झाकायचे अंग मात्र अनेक फकिहांनी पुरुषाइतकेच, बेंबीपासून गुडघ्यापर्यंत ठरवले. देह दोघींचा सारखाच; पण एकीला बाजारात पाहून विकत घ्यायचे होते. मग हा नियम हयेचा की मालमत्तेचा?

कुरआनने (२४:३३) बांदीला वेश्याव्यवसायास लावण्याची मनाई केली, गुलाम मुक्त करणे पुण्याचे मानले. फिक्हने मात्र मालकाला निकाहाशिवाय तिच्या देहावर हक्क दिला. तिची मर्जी विचारली नाही. त्याचे मूल झाले तर तिला विकता येत नसे, तो मेल्यावर ती सुटे, एवढाच दिलासा. खलिफा हारून अल-रशीदची आई खैजुरान बांदी म्हणूनच आली होती.

सौदी अरेबियात गुलामी १९६२ साली बंद झाली, मॉरिटानियात १९८१ साली. २०१४ साली सिंजारच्या यझिदी मुली विकताना 'इसिस'ने जुन्या फिक्हचेच दाखले दिले. 'हा इस्लाम नव्हे' एवढे म्हणून भागत नाही. झाकलेली ती इज्जतदार, उघडी ती कोणाचीही, हा बाजाराचाच न्याय आजही आमच्या मोहल्ल्यांत चालतो. 'लौंडी' ही शिवी अजून जिवंत आहे.

स्त्रीच्या देहावर तिचीच मर्जी चालेल, हे कबूल करा. तोवर गुलामी संपली असे आम्ही मानणार नाही.