वजन किती, आणि कुठे?

आमच्या लहानपणी खळ्यावरून ज्वारीची गाडी भरून आणणे हे वाटेल त्याचे काम नव्हते. पोती उचलून टाकणारे गडी पुष्कळ होते. पण कुठले पोते कुठे टाकायचे, हे एक म्हातारा गडीच सांगे. मागे पोती जास्त झाली की गाडी 'उलाळ' व्हायची. जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाई आणि जुपणीने त्यांचा गळा आवळे. पुढे जास्त झाली की तेच जू मानेत रुतायचे. पोती तेवढीच, वजन तेवढेच. पण बैलांना एकदा गळ्याला फास, तर एकदा मानेला घट्टे.

हे सारे मी विसरून गेलो होतो. आठवण झाली ती थेट अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एका चिमुकल्या विमानतळावर. माझा पुतण्या तिथे नोकरी करतो. हौस म्हणून त्याने खासगी वैमानिकाचा परवाना काढला आहे आणि शनिवार-रविवारी क्लबचे चार आसनांचे सेस्ना १७२ विमान तो भाड्याने घेतो. आम्ही नवराबायको त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याने बेत केला, की काका-काकूंना विमानातून फिरवून आणायचे.

आदल्या रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने सर्वांना वजने विचारली. आमच्या हिने अठ्ठावन्न सांगितले. पुतण्या काही बोलला नाही. आतून वजनाचा काटा घेऊन आला. काट्याने सहासष्ट दाखवले. "हा परदेशी काटा आहे," असे ही म्हणाली आणि सगळे हसले. माझे त्र्याऐंशी भरले, पुतण्याचे बहात्तर, सूनबाईचे एकसष्ट. माझ्या पिशवीचेही वजन झाले : नऊ किलो. मग तो कागद-पेन्सिल घेऊन बसला. जन्मभर आकडेमोड करून निवृत्त झालेला मी, साहजिकच त्याच्या खांद्यावरून डोकावू लागलो.

हिशेब पाहून मला आमचे लेजरच आठवले. तो पौंडांत मांडत होता. मी इथे किलोत सांगतो. या विमानाचे उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त वजन ११५७ किलो असावे, असे बनवणाऱ्या कंपनीचे बंधन आहे. रिकाम्या विमानाचेच सुमारे ७४५ किलो. टाक्या काठोकाठ भरल्या की पेट्रोल १४४ किलो. उरले २६८. त्यात वैमानिक, माणसे आणि सामान. म्हणजे आसने चार असली तरी टाक्या भरल्यावर चार धडधाकट माणसे त्यात बसू शकतीलच असे नाही! चौघांना न्यायचे तर पेट्रोल कमी घ्या आणि जवळच जा. लांब जायचे तर एकाला घरी ठेवा.

पण एवढ्यावर हिशेब संपत नाही. विमानाच्या नाकाकडच्या एका ठरावीक रेषेपासून प्रत्येक वस्तू किती अंतरावर आहे, ते मोजायचे. पुढची आसने ३७ इंचांवर, पेट्रोल ४८ वर, मागची आसने ७३ वर, सामानाचा कप्पा ९५ वर. वजनाला अंतराने गुणायचे. शाळेत आपण ज्याला आघूर्ण म्हणत असू, तेच हे. सगळ्यांची बेरीज करून तिला एकूण वजनाने भागले की विमानाचा तोल नेमका कुठे आहे, ते कळते. विमान पूर्ण भरलेले असताना तो ४१ ते ४७.३ इंचांच्या दरम्यान हवा. साऱ्या विमानाची मदार या सव्वासहा इंचांवर! वीस किलोची बॅग पुढच्या आसनावर ठेवली तर तिचा हिशेब येतो ७४०. तीच मागच्या कप्प्यात टाकली की १९००. बॅग तीच, पण मागे तिची ओढ अडीचपट.

तोल पुढे सरकला तर नाक जड होते, उड्डाणाला जास्त धावपट्टी लागते, उतरताना नाक वर उचलायला कष्ट पडतात. मागे सरकला तर धोका त्याहून मोठा. नाक आपोआप वर जाऊ पाहते, वेग पडतो, पंख विमान तोलून धरीनासे होतात आणि शेपटीच्या पृष्ठांत नाक खाली आणण्याइतका जोर उरत नाही. विमान उलाळ होते. आणि इथे उतरून दोन पोती पुढे ओढायची सोय नसते.

आमचा तोल त्रेचाळीस इंचांवर, म्हणजे अगदी ठीक होता. वजन मात्र ठीक नव्हते. सकाळी जाऊन पाहतो, तर आधीच्या माणसाने टाक्या पूर्ण भरून ठेवलेल्या. पिशवी मोटारीत राहिली. धावपट्टीपर्यंत जाताना तीन-चार किलो पेट्रोल जळेल तेही वजा केले. तरी दहा किलो जास्तच. पेट्रोल काढून घेणारा माणूस दुपारशिवाय येणार नव्हता.

तेव्हा मी म्हणालो, "अरे, अकराशे किलोंत दहा किलोंनं काय होतंय? घे ॲडजस्ट करून."

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. "काका, हे तुम्ही म्हणताय?"

मी गप्प झालो. बँकेच्या काउंटरपलीकडून हे वाक्य मी अक्षरशः हजारदा ऐकले होते.

दहा किलोंनी विमान पडते असे नाही. कंपनीने थोडी सवलत धरलेली असणारच. पण ती कशासाठी असते? बँक कर्ज देताना तारणाच्या पूर्ण किमतीएवढे देत नाही, मार्जिन ठेवते. ते वाईट वर्षासाठी. उन्हाळा कडक असेल, धावपट्टी उंचावर असेल, वारा अचानक फिरेल, तर त्या दिवसासाठी विमानाचे मार्जिन. चांगल्या दिवशी ते खाऊन टाकले, की वाईट दिवशी हात रिकामे.

अमेरिकेत १९९६ साली हेच घडले. जेसिका ड्युब्रॉफ ही सात वर्षांची मुलगी विमानाने देश ओलांडायला निघाली होती. बरोबर वडील आणि प्रशिक्षक. वर्तमानपत्रे, टीव्हीवाले मागे लागलेले. कुठल्या दिवशी कुठे पोचायचे ते ठरलेले. ११ एप्रिलच्या सकाळी वायोमिंगमधल्या शायेनहून वादळी पावसात त्यांनी उड्डाण केले. समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच असलेले ते विमानतळ. तिथली हवा मुळातच विरळ. काही क्षणांतच विमान कोसळले आणि तिघेही गेले. चौकशीत निघाले, की विमानात मर्यादेपेक्षा ९६ पौंड, म्हणजे साडेत्रेचाळीस किलो वजन जास्त होते. शेकडा चारसुद्धा नाही. केवळ वजनाने ते पडले नाही. हवा खराब होती, उंची होती, वेग राखला गेला नाही. पण इतक्या संकटांच्या जोडीला ते चार टक्केही होते. आणि मंडळाने आणखी एक गोष्ट नोंदवली : ठरलेले वेळापत्रक पाळण्याची ओढ. मुलांना विमानविक्रमांच्या मागे लावू नये, म्हणून त्याच वर्षी तिथे कायदा झाला.

पुढे २००१ साली बहामा बेटांवर आलिया ही तरुण गायिका आणि तिच्याबरोबरचे आठजण लहान विमानाच्या अपघातात गेले. तिथे वजनही मर्यादेबाहेर होते आणि तोलही मागच्या बाजूला हद्दीबाहेर.

त्या दिवशी मी खालीच राहिलो. कुंपणाजवळच्या बाकावर बसलो. पुतण्याने काकूला पुढे बसवले, सगळा हिशेब पुन्हा मांडला आणि मगच इंजिन सुरू केले. बाकावर बसल्या बसल्या मला नको ते आठवले.

एका शाखेत असताना एका व्यापाऱ्याने गोदामातल्या मालाचा तक्ता आणून दिला. गोदामात जाऊन माल पाहणे माझे काम होते. मार्चअखेर होती, वरून आकड्यांची घाई होती. मी गेलो नाही. तक्त्यातला आकडा खरा धरून सही केली. माल निम्मासुद्धा नव्हता. व्यापारी हात वर करून मोकळा झाला आणि वसुली आली जामीनदारावर : एक निवृत्त शिक्षक, ओळखीखातर सही केलेले. त्यांनी पेन्शनमधून हप्ते भरले. माझ्या कागदावरची बेरीज बिनचूक होती. ओझे मात्र नको त्या माणसाच्या मानेवर गेले होते. मला कुणी जाब विचारला नाही. ते शिक्षक हप्ता भरायला येत, तेव्हा मी टेबलावरून मान वर करीत नसे.

मर्यादा लिहिलेली दिसली की तिथून पुढे घासाघीस सुरू करायची, अशी आपल्याला सवय आहे. तिघांच्या रिक्षात सहा मुले, लिफ्टमध्ये आणखी दोघे, जिन्याखाली आणखी एक सिलिंडर. बहुतेक वेळा निभावते, म्हणून सवय पक्की होते. आणि निभावले नाही, तर ॲडजस्ट करणाऱ्याला सहसा काही होत नाही. होते ते मागच्या आसनावर विश्वासाने बसलेल्याला. म्हणून वजन खरे सांगावे, आणि नुसते ऐकून न घेता काट्यावर करावे. ओझे किती आहे, एवढेच न विचारता ते कुणाच्या मानेवर बसणार आहे, तेही विचारावे.

पाऊण तासाने विमान उतरले. ही लहान मुलीसारखी धावत आली. वरून नदी कशी दिसली, शेते कशी दिसली, सांगता सांगता तिला दम लागला. मग म्हणाली, "तुम्ही मात्र उगाच राहिलात."

दुपारी पेट्रोल काढून घेणारा माणूस आला. पुतण्याने नवा कागद घेतला आणि पहिल्या ओळीत लिहिले : काका, त्र्याऐंशी.