पत्रक बदलले, वेळापत्रकाचे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 राज्यात 2025-26 पासून पहिलीच्या वर्गापासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागले आणि त्याच्या मागोमाग ‘समग्र प्रगती पत्रक’ शिक्षकांच्या प्रशिक्षणांतून पालकांपर्यंत पोहोचू लागले. या पत्रकात शिक्षकांची नोंद आहेच. पण मूल स्वतःबद्दल काय सांगते, वर्गातल्या सोबत्यांना त्याच्यात काय दिसते, पालक घरी काय पाहतात, यालाही जागा आहे. मूल कसे खेळते, कुणाला मदत करते, चिडल्यावर स्वतःला कसे सावरते, हातांनी काय घडवते, हे शाळेने पाहिले पाहिजे, असे हे धोरण म्हणते. ही अपेक्षा योग्य आहे आणि तिचे मनापासून स्वागत करायला हवे. मात्र पत्रकातले हे रकाने भरण्यासाठी मुलाला आधी खेळायला, घडवायला, गायला, भांडून पुन्हा एक व्हायला शाळेत वेळ मिळाला पाहिजे. तो वेळ आज कुठे आहे, हा प्रश्न पत्रकाच्या आधी विचारायचा आहे.

कोणत्याही माध्यमिक शाळेच्या भिंतीवरचे वेळापत्रक पाहा. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचे तास तिथे दिसतात. घटक चाचणी जवळ आली, अभ्यासक्रम मागे पडला, शिष्यवृत्तीचा जादा वर्ग घ्यायचा ठरला की सर्वांत आधी हेच तास जातात. चित्रकलेच्या तासाला गणित होते, मैदानाचा तास ऊन, पाऊस किंवा सराव परीक्षा यांपैकी कशाने तरी बुडतो. कार्यानुभवाची वस्तू स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणली जाते किंवा आदल्या रात्री आई-वडील बनवतात आणि तिला ‘अ’ श्रेणी मिळते. यात मुलाने काय केले? त्याने एक गोष्ट मात्र शिकून घेतली: शाळेत काही कामे दाखवण्यापुरती करायची असतात. लहान वयात मिळालेला हा धडा पुढे फार महाग पडतो.

मुलाच्या सर्वांगीण विकासाची भाषा नवीन नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये ती स्वच्छ शब्दांत आहे. मुलाच्या शारीरिक व मानसिक क्षमतांचा पुरेपूर विकास, कृतीतून आणि शोधातून शिकणे, भीती आणि चिंता यांपासून मुक्तता, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, हे सारे त्या कलमात नोंदलेले आहे. महाराष्ट्राने त्याच वर्षी ही मूल्यमापन पद्धत स्वीकारली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने ठरली. प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी करायच्या होत्या: विशेष प्रगती, आवड आणि छंद, आवश्यक सुधारणा.

पुढे काय झाले, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, मग त्यांच्या याद्या मोबाइलवरून फिरू लागल्या. ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो’, ‘हस्ताक्षरात सुधारणा आवश्यक’, अशी वाक्ये एका गावातल्या मुलाच्या नावापुढे आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलीच्या नावापुढे अक्षरशः एकसारखी लिहिली गेली. यासाठी शिक्षकांना बोल लावणे आम्हाला मान्य नाही. भरलेल्या वर्गात चाळीस-पन्नास मुलांचे रोज निरीक्षण करून प्रत्येकाबद्दल खरे काही लिहायचे, तेही निवडणूक याद्या, ऑनलाइन माहिती आणि न संपणारे अहवाल सांभाळून, हे माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम होते. एका चांगल्या कल्पनेला आपण वेळ दिला नाही, माणसे दिली नाहीत, फक्त नमुने दिले. समग्र प्रगती पत्रकाच्या वाट्याला हेच यायला नको असेल, तर ही पंधरा वर्षे प्रामाणिकपणे तपासावी लागतील.

पूर्ण मुलाला शिकवणे म्हणजे काय, याचे उत्तर शोधायला महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला आणि झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, असे त्या म्हणत बसल्या नाहीत. शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात वर्ग भरवले. मूल ज्या घरातून येते, जे काम करते, ज्या बोलीत बोलते, ते सगळे शिक्षणात आले पाहिजे, हे त्यांनी करून दाखवले. कोल्हापुरात 1985 मध्ये लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलाला भीती न घालताही उत्तम शिकवता येते, याचा दाखला शहरी पालकांसमोर ठेवला.

या परंपरेत आजच्या शाळांना सर्वांत जास्त शिकवणारे उदाहरण पाबळचे आहे, असे आम्हाला वाटते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे औद्योगिक संशोधनातले शास्त्रज्ञ. ते काम सोडून 1983 मध्ये ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावी गेले आणि तिथे विज्ञान आश्रम उभा राहिला. शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी, गृह-आरोग्य अशा चार विभागांत माध्यमिक शाळेतली मुले आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. खोलीच्या पायाची आखणी करताना तीन, चार आणि पाच फुटांच्या दोऱ्या ताणून काटकोन साधतो, तेव्हा पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावरून जमिनीवर येतो. रोपवाटिकेत खर्च आणि विक्रीचा हिशेब ठेवणाऱ्या मुलीला शेकडेवारी वेगळी शिकवावी लागत नाही. केलेले काम गावाच्या उपयोगी पडायचे असते, त्यामुळे ते दाखवण्यापुरते करून भागत नाही. वेल्डिंगचा सांधा निघाला तर तो पुन्हा करावा लागतो. वर्गात गप्प बसणारा, ‘ढ’ म्हणून शेवटच्या बाकावर ढकललेला मुलगा इथे इतरांना शिकवताना दिसतो. राज्य मंडळाने या अभ्यासक्रमाला मान्यता दिली आणि तो अनेक शाळांत पोहोचला. तरी तो राज्याच्या सर्वसाधारण शाळेचा नियम झाला नाही, हे आपले अपयश आहे.

पाबळच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट आहे, जी सरकारने नीट पाहावी. तिथे शिकवायला गावातल्या हातांची मदत घेतली जाते. नव्या धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सांगितले आहेत आणि त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे मुलांनी शिकावे असे म्हटले आहे. पालघरला वारली चित्र काढणारे हात आहेत, सावंतवाडीला लाकडी खेळणी घडवणारे आहेत, पैठणला विणकर आहेत. त्यांना मानधन देऊन शाळेत आणायला कुणाची हरकत असणार? पण हे दहा दिवस सहलीसारखे एकदाचे उरकून टाकले, तर त्यांचा उपयोग नाही. आठवड्याला एक दिवस, वर्षभर, एकाच कामात मूल राहिले पाहिजे.

कायद्यानेही माणसांची तरतूद केली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असलेच पाहिजेत. शाळेला मैदान असले पाहिजे. महाराष्ट्रातल्या शाळांत ही अंमलबजावणी अर्धवट आहे. शंभरच्या आतल्या शाळांचे तर कायद्यातही नाव नाही, आणि वाड्या-वस्त्यांवरच्या बहुसंख्य शाळा याच गटात मोडतात. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. ते दोघे चार-पाच इयत्ता एकाच वेळी शिकवतात, पोषण आहाराची नोंद ठेवतात, केंद्रप्रमुखांना माहिती पाठवतात. अशा शाळांसाठी केंद्रातल्या सात-आठ शाळा मिळून एक कलाशिक्षक आणि एक क्रीडाशिक्षक फिरता ठेवणे शक्य आहे. त्याला लागणारा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पाला जड नाही.

समग्रतेत मुलाचे शरीरही येते, आणि त्याकडे तर आपले लक्ष फारच कमी आहे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून चुकीचे उतरवून घेणारे मूल वर्षभर निष्काळजी ठरते. कान वाहणारे मूल लक्ष देत नाही म्हणून बोलणी खाते. रक्त कमी असलेली मुलगी दुपारनंतर पेंगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. शाळाशाळांत वैद्यकीय पथके जातात, तपासणी होते, कार्डे भरली जातात. ही तपासणी आणि वर्गशिक्षकाची नोंदवही एकत्र पाहिली गेली पाहिजे. चष्मा लागला का, तो मिळाला का, मुलगा आता फळा वाचतो का, याचा रकाना प्रगती पत्रकात असला तर तो कोणत्याही श्रेणीपेक्षा मोलाचा ठरेल.

पालकांनाही यात वाटा उचलावा लागेल. दुसरीच्या मुलाला स्पर्धा परीक्षांच्या वर्गाला घालणारे, चित्रकलेत वेळ वाया जातो म्हणून शाळेकडे तक्रार करणारे पालक आजही आहेत. त्यांची काळजी खोटी नाही. पुढची स्पर्धा त्यांना दिसते. पण सातव्या वर्षी खेळ हिरावून घेतल्याने सतराव्या वर्षी गुण वाढतात, असे मानायला काहीही आधार नाही.

तेव्हा शासनाने पत्रकाची छपाई आणि त्याचे ऑनलाइन पोर्टल यांच्याआधी तीन गोष्टी कराव्यात. निदेशकांची पदे भरावीत आणि लहान शाळांसाठी फिरते शिक्षक नेमावेत. कला, खेळ आणि कार्यशिक्षणाचे तास दुसऱ्या विषयाला देण्यास लेखी मनाई करावी आणि तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी तेच तास प्रत्यक्ष पाहावेत. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण एवढीच कामे शिक्षकांना सांगता येतील, असे कायद्याचे कलम 27 म्हणते. त्याच्या पलीकडचे प्रत्येक काम आजच बंद करावे. पालकांनी पुढच्या पालकसभेत गुणांच्या चौकशीआधी एवढेच विचारावे: या आठवड्यात आमच्या मुलाचे खेळाचे आणि कलेचे किती तास झाले, आणि ते कुणी घेतले?