टोमॅटो फिकट चालेल, रक्त फिकट नको

टोमॅटो लालच हवा, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. म्हणून दारात फिकट पिवळ्या चेरी टोमॅटोचे झाड लागले की बाया विचारतात, "हे पिकणार कधी?" ते पिकलेलेच असते. या वाणाला लाल रंग येतच नाही. लाल रंग लायकोपीनचा. ते फिकट फळात फार कमी. पण क जीवनसत्त्व त्यातही असते, आणि आपल्या घरांना त्याची मोठी गरज आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. डाळ, पालेभाजी, बाजरी यांतले लोह अंगी कमी लागते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलेले काही कच्चे खाल्ले, तर ते जास्त लागते. म्हणून भाजी-भाकरीसोबत मूठभर टोमॅटो धुऊन कच्चेच खावेत. जेवणाला लागून चहा नको. मात्र टोमॅटो गोळीची जागा घेत नाही. दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत.

एका झाडाला १५ लिटरची बादली पुरते. रंगाची किंवा औषधाची नको. बुडाला भोके पाडा, निम्मी माती व निम्मे कुजलेले खत भरा. १४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बी टाकले, महिन्याने रोप बादलीत लावले, तर जानेवारीच्या अखेरीस फळ हाती येते. दिवसाला सहा तास ऊन आणि आधाराला काठी हवी. पाणी रोज थोडे द्या. एकदम जास्त दिले की फळ तडकते. गटाराचे पाणी घालू नका. बादलीखाली पाणी साचू देऊ नका, तिथे डेंग्यूचा डास वाढतो. फळ बोटाला किंचित मऊ लागले आणि देठातून सहज सुटले, की पिकले समजा. सरळ वाणाचे बी पुढच्या वर्षी वापरता येते. संकरित बियाण्याची पुढची फळे तशीच येतील याची खात्री नसते.

आता आमचे खरे म्हणणे. "सकस खा, परसबाग करा" हा उपदेश बायांना ऐकवला जातो. पण जिथे दोन हंड्यांसाठी पहाटे उठावे लागते, तिथे झाडाला पाणी कुठले? बाईच्या अंगात रक्त नाही, याचा दोष तिच्या स्वयंपाकावर टाकून यंत्रणेला मोकळे होता येणार नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते हक्कासाठी. वस्तीतला नळ हा त्याच हक्काचा भाग आहे.

म्हणून दोन्ही कामे बरोबर करू. महिला मंडळांनी विहाराच्या आवारात रोपे तयार करून घरोघर द्यावीत. त्याच बैठकीत नळासाठी आणि प्रत्येक बाईच्या हिमोग्लोबिन तपासणीसाठी अर्ज लिहावा, सह्या घ्याव्यात आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.

जय भीम!